आधी डोळा



मंदिराच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता कोणीतरी माझा मोबाईल मागून घेतं, पक्ष्यांचे नवे फोटो बघतं आणि ठरलेला प्रश्न येतो, "वहिनी, कॅमेरा केवढ्याचा?" किंमत सांगितली की "तरीच!" म्हणून विषय संपतो. तो तिथे संपू नये म्हणून आज लिहायला बसले आहे. कॅमेरा मुलाने पुण्याहून आणून दिलेला, लेन्स १००-४०० मिलिमीटरची. चांगलाच आहे. पण त्याच कॅमेऱ्याने आमचे हे फोटो काढतात तेव्हा कुंडी इतकी स्पष्ट येते की तिच्यावरची भेग मोजावी, आणि कुंडीवरचा बुलबुल धुक्यात असतो. कॅमेऱ्याला बुलबुल आणि कुंडी सारखेच. काय बघायचं ते आपण सांगायचं असतं.

सांगायचं ते एवढंच: आधी डोळा. पक्ष्याची शेपूट थोडी पुसट आली तरी चालते, पंखाचं टोक हललं तर उलट जिवंतपणा येतो. डोळा पुसट असेल तर बाकी सगळं कितीही रेखीव असो, फोटो पेंढा भरलेल्या पक्ष्याचा वाटतो. त्यातही डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका पडला पाहिजे. सूर्य आपल्या पाठीमागे आणि पक्ष्याची मान किंचित आपल्याकडे असली की तो पडतो. पक्ष्यांना तिसरी पापणीही असते, दुधी रंगाची, ती क्षणात डोळ्यावरून फिरून जाते. नेमका त्याच क्षणी फोटो निघाला तर पक्षी आंधळा दिसतो. म्हणून एक फोटो कधी काढू नये, बटण दाबून पाच-सहा सलग काढावेत आणि घरी येऊन एक ठेवावा.

फोकसचा चौकोन पडदाभर मोठा ठेवला तर कॅमेरा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे बहुधा फांदी. मी एकच लहान चौकोन ठेवते आणि तो डोळ्यावर नेते. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखायची सोय आली आहे. उघड्यावर बसलेल्या बगळ्याला ती छान पकडते, पण बाभळीच्या जाळीत शिरलेल्या वटवट्यासमोर गोंधळते. तिथे लहान चौकोनच खरा. पक्षी हलता असेल तर फोकस सतत बदलत राहील अशी कळ लावायची, नाहीतर आपण डोळा पकडेपर्यंत डोळा पुढे गेलेला असतो.

आता हिशोब. बी.कॉम. करून चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या असं मला चेष्टेने म्हणतात, पण फोटोचा हिशोब मला पहिल्या आठवड्यात समजला तो त्या बी.कॉम.मुळेच. तीन खाती आहेत. शटर किती वेळ उघडं राहतं, लेन्सचं भोक किती मोठं आहे, आणि आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे. एका खात्यातून काढलं की दुसऱ्यात भरावं लागतं, तेरीज जुळलीच पाहिजे. पक्षी शांत बसला असेल तर शटर १/५०० सेकंद पुरतं, मान हलवत दाणे टिपत असेल तर १/१०००, उडत असेल तर १/२००० तरी हवं. ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरली असेल तर १/४०० च्या खाली सहसा उतरू नये, कारण तेव्हा पक्षी नाही, आपलेच हात फोटोत हलतात. शटर एवढं जलद ठेवलं की उजेड कमी पडतो, तो आयएसओ वाढवून भरायचा. ८०० किंवा १६०० केलं की फोटोत बारीक रवा सांडल्यासारखे दाणे येतात. येऊ द्यावेत. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही.

तिसरं खातं, भोकाचं, जरा लबाड आहे. पाच मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो एफ/६.३ ला घेतला तर जेवढ्या पट्ट्यात सगळं स्पष्ट येतं, तो पट्टा मोजून तीन-चार बोटांचा असतो. चिमणीसुद्धा त्यात पूर्ण मावत नाही. म्हणूनच त्या तीन-चार बोटांत डोळा हवा.

हात स्थिर ठेवायला लोक धान्याची पिशवी वापरतात. खिडकीत पिशवी, पिशवीवर लेन्स. पण ज्वारी-तूर पिशवीत पडून राहिली की पावसाळ्यात जीव होणार हे तुम्हाला सांगायला नको. मी जुन्या सोलापुरी चादरीच्या चिंध्या दाबून भरल्या. चार वर्षं झाली, पिशवी अजून घट्ट आहे.

उजेडाबद्दल सगळी पुस्तकं एकच सांगतात: सूर्योदयानंतरचा दीड तास आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास. संध्याकाळचा सोनेरी उजेड म्हणजे आपल्या जेवणाची वेळ! म्हणून माझी फोटोग्राफी सकाळची आहे. संध्याकाळी जायचंच असेल तर डबा सोबत असतो आणि पाच वाजता तलावाकाठी आमचं दशमी-चटणी सुरू होतं. बगळे एका पायावर उभे राहून बघतात.

सुरुवात मात्र गच्चीवरून करा. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो, तुमच्यापैकी बहुतेकींच्या गच्चीवर पाण्याचं मातीचं भांडं असतंच. पाणी गाळलेलं आणि रोज बदललेलं, कारण शिळ्या पाण्यात जीव होतात. आता एवढंच करायचं की भांड्यापासून हातभर अंतरावर कठड्याला एक वाळकी फांदी बांधायची. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळ कुठेतरी टेकतो, इकडेतिकडे पाहतो, मग उतरतो. तो टेकतो ती जागा आपण ठरवायची. आमचं भांडं पूर्वी जिन्याच्या भिंतीजवळ होतं, प्रत्येक फोटोत मागे सिमेंटचा पोपडा. भांडं दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, जिथे मागे शेजारच्या वाड्यातला कडुनिंब आहे, चाळीस फूट लांब. त्या दिवसापासून मागे नुसता मऊ हिरवा रंग येतो आणि लालबुड्या बुलबुल रांगोळीतल्यासारखा उठून दिसतो. मागचं दृश्य पुसट करायला महागडी लेन्स लागत नाही, पक्षी आपल्याजवळ आणि भिंत पक्ष्यापासून लांब, एवढं साधलं की झालं. फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढायचा, काच उघडून. काचेतून लेन्सला नीट दिसत नाही.

चौकटीत पक्ष्याला मधोमध बसवू नका. तो ज्या दिशेला बघतो त्या बाजूला जागा मोकळी सोडा. नाक भिंतीला लावून उभं केल्यासारखा पक्षी बघवत नाही. पाय आणि शेपटीचं टोक कापू नका. पाण्याची रेघ आडवी आणि सरळ हवी, आणि ती पक्ष्याच्या मानेतून जाऊ नये.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो आपली उंची कमी केल्याने. उभं राहून खाली बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढला की पाठ दिसते, डोळा दिसत नाही आणि मागे लगेच जमीन येते. आपला कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आला की समोरासमोर भेट होते. फोटोग्राफर मंडळी यासाठी गवतात सरळ पालथी पडतात. आपल्याला हे कसं जमावं? हिरवं गवत तुडवू नये हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं, आणि चातुर्मासात तर त्या गवतात किती जीव असतात. मी पावसाळ्याचे चार महिने खिडकी सोडत नाही. इतर वेळी सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या आहेत. दगडी पायरीवर बसलं की पाण्याची पातळी आपोआप डोळ्यासमोर येते. गुडघे आता कुरकुरतात, म्हणून कॅमेऱ्याचा मागचा पडदा बाहेर वळवते, कॅमेरा खालच्या पायरीवर ठेवते आणि वरून पडद्यात बघते. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावाकाठीही मोकळी, कोरडी जागा सापडते. तिथला हळदी-कुंकू बदकाचा एक फोटो मला फार प्रिय आहे. नाव ऐकून हसू नका, चोचीच्या टोकाला पिवळा आणि कपाळाशी लाल ठिपका, खरंच हळद-कुंकू लावल्यासारखं बदक असतं ते.

बगळ्याबद्दल एक सांगून टाकते. उन्हातला पांढरा बगळा बऱ्याचदा पुसट येतो आणि आपण फोकसला दोष देतो. फोकस बरोबर असतो, उजेड जास्त झालेला असतो. पिसांमधल्या बारीक रेषाच जळून गेल्या की धार दिसणार कुठून? उजेडाची कळ उणे एकवर नेली की पीस न् पीस दिसतं. काळ्या कोतवालाला याच्या उलट, थोडं अधिक.

आता जे सांगायला मी खरं तर एवढं सगळं लिहिलं, ते. खंड्याचा पाण्यात सूर मारतानाचा फोटो तुम्ही पाहिला असेल, चोचीत मासा, भोवती पाण्याचे थेंब मोत्यांसारखे. काही ठिकाणी तो कसा काढतात माहीत आहे? पाण्याखाली टब ठेवतात, त्यात जिवंत मासे सोडतात, वर एक फांदी रोवतात आणि फांदीपासून टबापर्यंत फोकस आधीच लावून ठेवतात. किडे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी जिवंत अळ्या ठेवतात. फोटो सुरेखच येतो. एकदा मलाही असं ठिकाण सुचवलं गेलं. मी नको म्हटल्यावर त्या गृहस्थांनी अगदी सरळ विचारलं, "ताई, खंड्या मासे खातोच ना? तुम्ही नाही गेलात म्हणून कुठला मासा वाचणार आहे?"

प्रश्न चुकीचा नाही. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना अशी तीन खाती आहेत, आणि तिथेही तेरीज लागते. खंड्याने तलावात स्वतः मासा टिपला तर तो त्याचा जगण्याचा व्यवहार. टबात मासा मी सोडला, किंवा सोडायला पैसे दिले, तर ते कारित झालं, माझ्या नावावर. एवढं मला स्वच्छ दिसतं. तिसऱ्या खात्याचं मात्र तितकं स्वच्छ दिसत नाही. सिद्धेश्वर तलावावर एका सकाळी खंड्या माझ्यासमोरच्या खांबावर मासा घेऊन बसला. आमिष नाही, हाक नाही, मी फक्त पायरीवर बसलेली. माझ्या सगळ्या फोटोंत सर्वांत धारदार फोटो तो आहे. फोकस इतका नेमका की खंड्याचा डोळा तर स्पष्ट आहेच, चोचीतल्या माशाचाही डोळा स्पष्ट आहे. त्यातही उजेडाचा ठिपका आहे. तो फोटो मी जपून ठेवला आहे. भिंतीवर लावलेला नाही, कोणी बघून "वा!" म्हणालं की मला पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

घरट्यांबाबत मात्र काहीच संदिग्ध नाही. जायचं नाही. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि आपल्या इकडच्या उन्हात त्यांच्यावर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं भिजवून आणते. आपण फोटोसाठी दहा मिनिटं तिला उठवलं तर ती अंडी तव्यावर ठेवल्यासारखीच. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणंही तसलंच. तो आपला इलाका राखायला, घाबरून धावत येतो, आणि आपण त्याला पोज म्हणतो.

चकव्याची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. आपल्या चोवीस लांछनांत पक्षी एकच, पाचव्या सुमतिनाथ भगवंतांचा चकवा. (श्वेतांबर परंपरेत तिथे क्रौंच आहे.) पाठशाळेच्या छापील तक्त्यावर त्या जागी साधं पांढरं बदक होतं. मुलांना खरा चकवा दाखवावा असं मनात आलं. चकवा म्हणजे चक्रवाक, केशरी-तपकिरी अंगाचा, फिकट डोक्याचा. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात हे चकवे, पट्टकादंब, रोहित असे कितीतरी पक्षी उतरतात. मुलाकडे पुण्याला जाताना आम्ही वाटेत थांबलो.

तिथे स्थानिक लोक होडीतून नेतात. होडी आपल्यासाठी उत्तम, गवत तुडवायचं नाही आणि पाण्याची पातळीही साधते. पण होडी डुलते, म्हणून शटर १/१६०० च्या वर. चकवा फार सावध, माणूस जवळ आला की जोडीच्या जोडी उठते. दिवसा तो बहुतेक काठावर विसावलेला असतो, चरायला रात्री जातो. उठवलं तर त्याची झोप जाते, आणि इतका लांबचा प्रवास करून आलेला जीव उगाच दमतो. होडीवाल्या मुलाने विचारलं, "मावशी, उठवू का त्यांना? पंखातला पांढरा पट्टा भारी दिसतो." दुसऱ्या एका होडीतून टाळ्यांचा आवाज येतच होता. मी म्हटलं, "नको दादा, बसू दे त्यांना. वल्ही थांबव, आपणच थांबू." त्याला नवल वाटलं असावं, पण थांबला.

जोडीच्या फोटोत अडचण अशी की डोळे दोघांचे स्पष्ट हवेत. एक पुढे, एक मागे असेल तर कितीही खटपट करा, एकाचाच डोळा त्या अरुंद पट्ट्यात बसतो. मी एफ/८ वर गेले, पट्टा जरा रुंद झाला, आणि दोघं आपल्यापासून सारख्या अंतरावर येण्याची वाट पाहिली. चाळीस मिनिटं. ह्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग मादी पाण्यात उतरली, वळली, नराच्या शेजारी आली आणि दोघांनी एकाच दिशेला पाहिलं. सोळा फोटो काढले, त्यातल्या दोनांत चारही डोळे... म्हणजे दिसणारे दोन्ही डोळे लखलखीत आहेत.

आणि पंखातला पांढरा पट्टाही मिळाला. पक्षी उडण्याआधी सांगतो. वाऱ्याकडे तोंड करतो, मान ताठ करून एक-दोनदा हलवतो, बऱ्याचदा शिटतो. हे दिसलं की शटर १/२५०० करायचं आणि वाऱ्याच्या दिशेला चौकटीत जागा सोडून तयार राहायचं. ती जोडी आपल्या मर्जीने उठली तेव्हा मी तयार होते. तक्त्यावर आता बसलेली जोडी आहे. मुलांनी लगेच विचारलं की यातला चकवा कुठला आणि चकवी कुठली. वीण जवळ आली की नराच्या गळ्यात बारीक काळी रेघ दिसते, एवढं मी त्यांना शोधायला ठेवलं.

नोव्हेंबरमधे ५ ते १२ तारखेला आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ला आपल्या सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालीम अलींचा. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. पक्ष्यांची कितीतरी मराठी नावं आपल्याला त्यांच्या लिखाणामुळे माहीत झाली. त्या आठवड्यात मैत्रिणींनो, नान्नजला एकदा जाऊन या, बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन. १९७९ पासूनचं हे माळढोकाचं अभयारण्य, आणि आता तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले आहेत असं सांगतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला कमी दिसतं, म्हणून उडताना विजेच्या तारांवर आदळतो.

मला माळढोक दिसलेला नाही. चंडोल दिसले, धाविक दिसले, गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या दिसला. माळावर आपली सगळी धार सकाळी नऊपर्यंतच. त्यानंतर जमीन तापते, हवा उकळत्या दुधावरच्या वाफेसारखी थरथरते आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो कोणत्याही लेन्सने स्पष्ट येत नाही. तेव्हा कॅमेरा बंद करावा, किंवा पक्षी मोठा करायचा नाद सोडून माळच चौकटीत घ्यावा. मी तसा एक घेतला. खाली दोन बोटं पिवळं गवत, वर सगळं आकाश, आणि उजवीकडे भोवत्या, ज्वारीच्या दाण्याएवढा, डावीकडे निघालेला. हा फोटो मात्र आमच्या दिवाणखान्यात आहे. येणारं प्रत्येक जण आधी विचारतं, "यात पक्षी कुठाय?" आणि मग सापडेपर्यंत चहा गार होतो.